नागार्जुनाचे सोने आणि लोणारचा खार

शून्यवाद मांडणारा आचार्य नागार्जुन आणि पाऱ्याचे सोने करणारा रससिद्ध नागार्जुन हे एकच, ही समजूत आपल्या विदर्भात विशेष घट्ट आहे. तिला खतपाणीही भरपूर मिळाले. चौदाव्या शतकातला तिबेटी इतिहासकार बुस्तोन आचार्याचा जन्म विदर्भातल्या ब्राह्मण घरात सांगतो. रामटेकजवळची एक टेकडी नागार्जुनाच्या नावाने ओळखली जाते. माणूस आपला ठरला, की त्याच्या नावावर कोणी काय जमा केले हे आपण तपासायला जात नाही.

काळ मात्र जुळत नाही. 'मूलमध्यमककारिका' लिहिणारा आचार्य साधारण दुसऱ्या शतकातला, आणि त्या ग्रंथात तर्क आहे. पारा, मूस, भट्टी यांचा मागमूस नाही. अल्-बिरुनी १०३०च्या सुमारास लिहितो की, सोमनाथजवळच्या दैहक किल्ल्याचा नागार्जुन नावाचा रसायनवेत्ता आपल्या आधी जवळपास शंभर वर्षे होऊन गेला. म्हणजे दोघांत आठेक शतकांचे अंतर. तिबेटी परंपरेने त्यावर सोपा तोडगा काढला: आचार्याला सहाशे वर्षांचे आयुष्य देऊन टाकले. तेवढे जगायला रसायन हवेच, म्हणून तो किमयागारही झाला!

यावर एक आक्षेप रास्त आहे. अल्-बिरुनीच्या चारशे वर्षे आधी आलेला ह्युएनत्संगही नागार्जुनाने सोने केल्याची कथा सांगतो. कोसल देशात सातवाहन राजा डोंगरात विहार खोदवत होता. खजिना आटला, तेव्हा नागार्जुनाने दगडांवर औषधाचे थेंब टाकले आणि त्यांचे सोने झाले. ही कथा सातव्या शतकातली, आणि आज हाती असलेले पाऱ्याच्या विद्येचे संस्कृत ग्रंथ तिच्या नंतरचे. मला यातून उलटा क्रम दिसतो. सोन्याची आख्यायिका आधी, किमयागार मागून. ज्या नावाला आधीच सिद्धी चिकटली होती, ते पुढच्या रसवैद्यांनी घेतले किंवा त्यांना लोकांनी दिले. 'रसरत्नसमुच्चय' सत्तावीस रससिद्धांची यादी देतो, त्यात नागार्जुन आहेच.

त्याच्या पोथीची गोष्ट तर याहून गमतीची. नागार्जुनाचा ग्रंथ म्हणजे 'रसरत्नाकर', असे अजूनही सर्रास छापले जाते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात (दोन खंड, १९०२ आणि १९०९) एका हस्तलिखिताच्या आधारे ते नाव रूढ केले. १९८४ साली डॉमिनिक वुजास्टिक यांनी हस्तलिखिते ताडून दाखवले की, नागार्जुनाचा म्हणून असा स्वतंत्र ग्रंथ नाहीच. त्याच्या नावाने चालणारा ग्रंथ 'रसेन्द्रमंगल'. 'रसरत्नाकर' आहे तो नित्यनाथ सिद्धाचा. राय यांचे काम त्यामुळे हलके होत नाही. चूक त्यानंतरही डोळे मिटून उतरवून घेणाऱ्यांची आहे.

मग या ग्रंथांतले सगळेच थोतांड? तसेही नाही. खर्पराच्या योगाने तांब्याचे सोने होते, असे रसग्रंथ सांगतात. खर्पर म्हणजे जस्ताचे खनिज. ते कोळशासारख्या पदार्थाबरोबर बंद मुशीत तापवले की जस्ताची वाफ सुटते आणि तांब्यात मुरते. हाती येते ते पिवळेधमक पितळ. धातूची ओळख मुख्यतः रंगावरून ठरत असेल, तर हा प्रयोग यशस्वीच म्हणायचा. जस्त ९०७ अंशांना उकळते, भांडे उघडे असेल तर उडून जाते. ती वाफ खाली उतरवून धरण्याची युक्ती रसग्रंथांत आहे, आणि राजस्थानातल्या झावर इथे जस्त गाळण्याच्या भट्ट्याच उत्खननात सापडल्या आहेत.

पाऱ्याचे सोने मात्र कुठल्याही मुशीत होत नाही. ते १९४१ साली हार्वर्डमध्ये न्यूट्रॉनांचा मारा करून झाले. सोने किरणोत्सारी निघाले.

आता आपल्या विदर्भातल्या लोणारकडे. पारा शुद्ध करायला तो क्षार आणि आम्ल घालून खलण्याचे विधी रसग्रंथांत येतात. या क्षारांतला नेहमीचा म्हणजे सज्जीखार, अर्थात सोडा. तोच लोणारच्या सरोवरात आहे. लवणासुराच्या कथेने पाण्याचा खारेपणा सांगितला जातो, पण कारण साधे आहे. उल्काघाताने बेसॉल्टमध्ये पडलेला हा खड्डा. त्यात पाणी येते, बाहेर जायला वाट नाही, आटते आणि क्षार मागे ठेवते. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. २०२०च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले, तेव्हाही शाप-चमत्कारांच्या वार्ता उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले, तर रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा निघाला.

'ऐन-इ-अकबरी'त या तळ्याची नोंद आहे. तिथे सोन्याचा विषयच नाही. अबुल फझल लिहितो की, काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो आणि त्यापासून सरकारला चांगला महसूल येतो.