आकडा एसजीपीटीचा, झोप आपली
भारतात यकृताचं मोठं ऑपरेशन झालं की रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो आणि एसजीपीटीचा आकडा बघून आपली इथे झोप उडते. न्यूझीलंडच्या रिपोर्टवर त्यालाच एएलटी म्हणतात. हे एन्झाइम यकृताच्या पेशींतलं. ऑपरेशनमध्ये पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ते शेकड्यांत जाणं नेहमीचंच, पुढे मात्र कमी होत जायला हवं.

यकृत काम करतंय का, हे बिलिरुबिन आणि आयएनआर सांगतात. पाचव्या दिवशी बिलिरुबिन ५० मायक्रोमोलच्या (भारतातल्या रिपोर्टवर साधारण ३) आणि आयएनआर १.७ च्या वर, असं दोन्ही असेल तर डॉक्टर सावध होतात. म्हणून फोनवर एसजीपीटीबरोबर हे दोन आकडेही विचारा.