फर्मान, कायदा आणि पटवारी

जपानच्या शरणागतीपत्रावर 2 सप्टेंबर 1945 रोजी सह्या झाल्या आणि त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांनी आपल्या विधिमंडळापुढे एकवीस कलमांचा एक प्रदीर्घ खलिता ठेवला. पूर्ण रोजगार, किमान वेतनात वाढ, बेकारीभत्ता, घरबांधणी असा त्याचा पसारा होता; नोव्हेंबरात त्यांनी राष्ट्रीय आरोग्यविम्याची मागणी त्यात आणखी घातली. त्याच सुमारास निजामी मुलखाच्या या टोकाला, भोकर-मुदखेडच्या परिसरात, युद्ध संपल्याची कोणतीच खूण शेतकऱ्याला दिसत नव्हती. कारण युद्धासाठी म्हणून सुरू झालेली धान्याची लेव्ही युद्धानंतरही चालूच राहिली, आणि घरात दाणा उरो वा न उरो, ठरलेली ज्वारी सरकारी भावाने सरकारच्या कोठारात घातल्यावाचून सुटका नव्हती. त्या ज्वारीचे मोल मिळे ते निजामाच्या हाली शिक्क्यात, आणि सात हाली रुपये मोजावे तेव्हा सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, पदरात पडत.

नियंत्रणे ही युद्धाने मागे ठेवलेली सर्वांत अवघड मिरास होय, आणि ती कशी सोडवावी हे अमेरिकेच्या अध्यक्षालाही उमगले नाही. विधिमंडळाने पाठविलेला भावनियंत्रणाचा दुबळा मसुदा ट्रूमन यांनी नाकारला, त्यामुळे 30 जून 1946 रोजी नियंत्रण आपोआप संपले व भाव भडकले. ते पुन्हा लादताच जनावरांच्या मालकांनी माल बाजारात आणणे थांबविले, आणि ऑक्टोबरात मांसावरील बंधन उठविण्यावाचून अध्यक्षांना गत्यंतर उरले नाही. पुढच्याच महिन्यातील निवडणुकीत दोन्ही सभागृहे विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेली. 1947 साली कामगार संघटनांना जखडणारा टाफ्ट-हार्टली कायदा ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून संमत झाला, आणि आरोग्यविमा तर अखेरपर्यंत मंजूर झालाच नाही.

हैदराबादेत मात्र कोणाला विचारावयाचेच नव्हते. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर लष्करी गव्हर्नर म्हणून आलेले मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे ना निवडून आलेली विधानसभा होती, ना नकाराधिकार डावलणारे बहुमत. फेब्रुवारी 1949 मध्ये निजामाची खासगी मिळकत असलेला सर्फ-ए-खास मुलूख दिवाणीत, म्हणजे सरकारी मुलखात, विलीन झाला, आणि त्याच वर्षी 15 ऑगस्टला जहागीर निर्मूलनाचा हुकूम निघाला. त्यावर साल पडले ते निजामी महसुली गणनेचे, 1358 फसली. राज्याच्या सुमारे तीस टक्के भूमीवरील जहागीरदारांचा अंमल, त्यांचा स्वतंत्र वसूल आणि बहुतांच्या बाबतीत स्वतंत्र कचेऱ्यासुद्धा, एका नियमावलीने संपुष्टात आल्या. ट्रूमन यांना हे वर्तमान कळले असते तर त्यांना थोडासा हेवाच वाटला असता. अर्थात जहागीरदारांना मोबदला ठरला, आणि सर्फ-ए-खासच्या बदली निजामाला सालीना 25 लाख रुपये देण्याचे मान्य झाले, म्हणजे ज्यांचे गेले ते अगदीच उघड्यावर पडले नाहीत.

खरा प्रश्न कुळाचा होता. 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा हा त्या काळच्या भारतातील पुरोगामी कायद्यांपैकी एक. त्याने संरक्षित कूळ नावाचा एक नवा वर्ग निर्माण केला, त्याला बेदखलीपासून अभय दिले आणि जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. परंतु संरक्षित कोण हे ठरत होते दप्तरातील नोंदीवरून, आणि दप्तर होते वंशपरंपरागत पटवाऱ्याच्या घरी, आणि ते कुळाला वाचता येत नव्हते; शिवाय तो पटवारी ज्या देशमुखाच्या ओसरीवर बसून लिहीत असे, त्याच्याच शेतात ते कूळ राबत असे. अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुस्रो यांनी जहागीर निर्मूलनाच्या व कूळ-सुधारणेच्या परिणामांची जी पाहणी केली व 1958 साली प्रसिद्ध केली, तीतील आकडे वाचवत नाहीत: चारच वर्षांत दर शंभर संरक्षित कुळांपैकी सुमारे 45 त्या हक्कावर टिकली, 12 मालक झाली, 22 बेकायदा हुसकावली गेली, आणि जवळजवळ 18 जणांनी जमीन राजीखुशीने सोडून दिली. या शेवटच्या राजीखुशीवर विश्वास ठेवणारा मनुष्य मराठवाड्यात क्वचितच भेटेल.

तेव्हा फर्मानाने कायदा करणे सोपे आणि विधिमंडळातून करणे कठीण, एवढाच भेद धरून चालत नाही. शेवटच्या पायरीवरचा अंमलदार दोन्हीकडे सारखाच बलवत्तर ठरला. युद्धातून परतलेल्या सैनिकांना शिक्षण, घर व धंद्यासाठी साहाय्य देणारा 1944 चा अमेरिकन कायदा गोऱ्या-काळ्याचा भेद करीत नव्हता. परंतु कर्ज देणारी बँक गावातलीच असे. 1947 साली मिसिसिपीतील तेरा शहरांत सरकारी हमीने दिलेल्या 3,229 कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आली फक्त दोन. ट्रूमन यांनीही एक फर्मान काढलेच: 26 जुलै 1948 च्या आज्ञेने सैन्यदलांत सर्वांना समान वागणूक जाहीर केली. सरसेनापती या नात्याने ते त्यांना विधिमंडळाला न पुसता करता आले, तरीही पलटणी प्रत्यक्षात एकत्र व्हावयास कोरियाचे युद्ध उजाडले.

1956 साली राज्यपुनर्रचना झाली. मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले आंध्राकडे गेली, भोकर नांदेड जिल्ह्याबरोबर मुंबई राज्यात आले. हाली शिक्का त्याआधीच चलनातून हटू लागला होता आणि फसली सालही कचेऱ्यांतून मागे पडत गेले. पण 1950 चा कूळकायदा मराठवाड्याला आजही लागू आहे, आणि भोकरच्या तहसील कचेरीत जमिनीचा वाद उभा राहिला की वकील प्रथम 1954 च्या खासरा पत्रकाची नक्कल मागतात, कुळाच्या रकान्यात तेव्हा कोणाचे नाव होते ते पाहण्यासाठी.