देवाशी कट्टी
संडे स्कूल, क्वायर, नाताळची कॅरल्स... विश्वास घरातच होता. मग घरात आजारपण आलं आणि तो गेला. परत आला तो मात्र चर्चमध्ये नाही, चक्क हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये!

रविवारी सकाळी तुम्ही काय करता? मस्त ताणून देता, बरोबर? २०१९ च्या पावसाळ्यात मीही तेच करायला लागले. फरक एवढाच, की त्याआधीची बावीस वर्षं आमच्या घरात रविवारी कुणी उशिरापर्यंत झोपलेलं मी पाहिलंच नव्हतं. आठ वाजता पप्पांची इस्त्री, मम्मीची आरडाओरड आणि उपासना सुरू व्हायच्या आत आम्ही तिघं चर्चमधल्या आमच्या ठरलेल्या बाकावर.

आम्ही मूळचे नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. अमेरिकन मराठी मिशनने तिथे १८३१ मध्ये काम सुरू केलं. माझे पणजोबा मिशनच्याच शाळेत शिकले. त्यामुळे विश्वास आमच्याकडे पितळी भांड्यांसारखा आला, आयता आणि पिढीजात. ना. वा. टिळकांची गीतं मला बडबडगीतांच्या आधी पाठ होती.

आणि मग २०१९ मध्ये पप्पांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. दर वेळी चार तास. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. मम्मीच्या बांगड्या गेल्या, माझा पहिला पगार औषधांच्या बिलात गेला. घरी प्रार्थनासभा व्हायच्या. एका सभेत ओळखीतल्या एका गृहस्थांनी हळूच सुनावलं, की या घरात कुठंतरी विश्वास कमी पडतोय. मी उठून आत गेले. पुढच्या रविवारपासून चर्च बंद!

‘का येत नाहीस?’ असं कुणी विचारलं, की मी हाच किस्सा सांगायचे. किस्सा खरा होता, पण ते पूर्ण कारण नव्हतं.

पूर्ण कारण आज पहिल्यांदाच लिहितेय. किडनी जवळच्या नातेवाइकाला देता येते. मम्मीला डायबेटिस, त्यामुळे ती बाद. भावंडं मला नाहीत. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत पप्पा म्हणाले, ‘‘पोरीची किडनी मी घेणार नाही. विषय संपला.’’ मी भांडायला हवं होतं. हट्ट धरायला हवा होता. खरं सांगू? मला हायसं वाटलं. त्या रात्री प्रार्थनेला डोळे मिटले आणि एक शब्द फुटेना. त्यापेक्षा देव नाहीच, असं म्हणणं सोपं होतं. जो नाहीच, त्याला तोंड दाखवावं लागत नाही ना!

फोनवरची उपासना

१० एप्रिल २०२०. गुड फ्रायडे. लॉकडाऊन सुरू, चर्च बंद. नाकाबंदीवर पोलिसांना डायलिसिसची फाइल दाखवत आम्ही हॉस्पिटलला पोचलो. सोबतच्या माणसाला आत प्रवेश नव्हता, म्हणून मी पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून होते. बरोबर बारा वाजता फोन वाजला. पप्पा!

‘‘बारा वाजले. चल, सुरू करू.’’

गुड फ्रायडेला आमच्याकडे दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशूने क्रुसावरून उच्चारलेल्या सात वचनांवर सात जण बोलतात. चौथं वचन वर्षानुवर्षं पप्पांकडे असायचं. देवाने आपल्याला का टाकलं, असा प्रश्न येशू स्वतः विचारतो, ते हे वचन. मशीनचा बीप बीप चालू असताना पप्पांनी एकेक करत तीन वचनं सांगितली. मग म्हणाले, ‘‘चौथं आज तुझं.’’

‘‘मला काही बोलायचं नाहीये. माझा विश्वास नाही राहिला, पप्पा.’’

‘‘मग तेच बोल.’’

आणि बांध फुटला. त्या गृहस्थांचा राग, पैशांचं टेन्शन आणि सगळ्यात शेवटी ते किडनीचं. तुम्ही नाही म्हणालात तेव्हा मला बरं वाटलं, हेही बोलून गेले. पलीकडे फक्त बीप बीप. मग पप्पा म्हणाले, ‘‘अगं, मलाही बरं वाटलं होतं. तू हो म्हणाली असतीस तर मला जास्त भांडावं लागलं असतं.’’ थोडं थांबून त्यांनी विचारलं, ‘‘हे त्याला सांगितलंस का?’’

‘‘कुणाला?’’

‘‘ज्याच्यावर एवढी चिडलीयेस त्याला.’’

त्या रात्री सांगितलं. भांडले, रडले. वर्षभरातली ती माझी पहिली प्रार्थना!

नंतर कळत गेलं, की या चिडण्याला बायबलमध्येच जागा आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी चक्क तक्रारी आहेत. बहुतेक तक्रारी शेवटी स्तुतीकडे वळतात, पण ८८ वं स्तोत्र अंधारातच संपतं. तरीही ते कुणी गाळलं नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपात आली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनीही कित्येक वर्षं आतून असाच काळोख सोसला होता. आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळक? नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणून त्या लगेच मागे गेल्या नाहीत. त्यांनी घेतला १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. म्हणजे पितळी भांडी वारशाने मिळतात, विश्वास नाही.

पप्पांना मी किडनीचं पुन्हा विचारलं, या वेळी मनापासून. उत्तर तेच. २०२२ मध्ये ते गेले. विश्वासाने ते वाचले नाहीत, तेव्हा चमत्काराची गोष्ट वाचायला आला असाल तर सॉरी! पण शेवटची दोन वर्षं आमच्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ना पप्पांशी, ना देवाशी.

आता रविवारी जाते. दर रविवारी नाही, आणि बसते शेवटच्या बाकावर. गुड फ्रायडे मात्र चुकवत नाही. चौथं वचन आलं, की पर्समधल्या फोनकडे हात जातोच. तो सायलेंटवर असतो. बंद मात्र करवत नाही.