संगणकाचा लहान गाभा

संगणकावर काम चाललें असतां पडदा एकाएकीं थिजतो आणि अर्धा लिहिलेला निबंध नाहींसा होतो, हा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस असेल. दोष कित्येकदां एखाद्या क्षुद्र भागाचा असतो. शिक्षा मात्र सर्वांस! असें कां व्हावें?

संगणकाचा सर्व कारभार चालविणाऱ्या प्रणालीचा जो गाभा, त्यास कर्नल म्हणतात. पुष्कळ प्रणालींत डिस्क, प्रिंटर, नेटवर्क यांस चालविणारे 'ड्रायव्हर' ह्या गाभ्याच्या आंतच असतात. तेथें एकाचा पाय घसरला कीं सारा डोलारा कोसळतो. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनीं १९८७ सालीं विद्यार्थ्यांस शिकविण्याकरितां मिनिक्स नांवाची प्रणाली रचली. पुढें २००५ सालच्या मिनिक्स ३ मध्यें ड्रायव्हर गाभ्याबाहेर काढून सामान्य प्रोग्रामांच्या पंक्तीस बसविले. निरोप पोंचविणें वगैरे थोडींच कामें गाभ्याकडे उरलीं. अशा लहान गाभ्यास मायक्रोकर्नल म्हणतात.

आतां अशा प्रणालीवर प्रोग्राम कसा चालतो तें पाहूं. 'नमस्कार' एवढाच शब्द पडद्यावर उमटविणारा प्रोग्राम सी भाषेंत लिहावा व त्याच यंत्रावर कंपाइल करावा. रीत युनिक्सचीच आहे. परंतु आंतील व्यवहार निराळा. प्रोग्रामाच्या वतीनें लायब्ररी एक निरोप तयार करिते. कर्नल तो फाइलींचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हराकडे नेतो, सर्व्हर टर्मिनलच्या ड्रायव्हरास कळवितो, आणि मग अक्षरें उमटतात. कर्नल हा केवळ टपालवाला. पत्रांतील मजकुराशीं त्यास कर्तव्य नाहीं.

ड्रायव्हर लिहावयाचा असल्यास त्यास कोणकोणती मुभा द्यावयाची हें एका फाइलींत आधीं नोंदवावें लागतें. मग 'सर्व्हिस अप' ही आज्ञा दिली कीं तो चालूं लागतो. यंत्र बंद करण्याचें कारण नाहीं. आणि तो मेला तर? 'रीइनकार्नेशन सर्व्हर', म्हणजे पुनर्जन्म देणारा सेवक, त्यास पुन्हां उभा करितो. हें नांव प्रथम वाचून आम्हांस हंसूं आलें, पण काम नांवाप्रमाणेंच आहे.

ही सोय फुकट नव्हे. प्रत्येक निरोपास वेळ लागतो, म्हणून वेगांत कांहीं तूट येते. शिवाय पुनर्जन्मानेंही सर्वच सांवरतें असें नाहीं. नेटवर्कचा ड्रायव्हर मेल्यास हरवलेला मजकूर पुन्हां पाठवितां येतो, व वापरणारास पत्ताही लागत नाहीं. प्रिंटरचा मेल्यास मात्र तोच कागद दोनदां छापला जाण्याचा संभव राहतो.