ओघतक्ता कसा भरावा?

इंग्रजीच्या परीक्षेत लहानसा उतारा देऊन त्यावरून ओघतक्ता, म्हणजे बाणांनी जोडलेल्या चौकटी, पूर्ण करण्यास सांगतात. उताऱ्यातील वाक्यांचा क्रम हाच घटनांचा क्रम असेल, असे मात्र नाही.

समजा, उतारा तंजावरकडील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील गावांविषयी आहे. शेतकरी कुरुवै भाताची लावणी करतात, असे वाक्य आरंभीच येते. परंतु त्याच वाक्यात 'आफ्टर' या शब्दापुढे मेट्टूर धरणातून पाणी सोडल्याचा उल्लेख आहे. तेव्हा पहिल्या चौकटीत धरणच हवे. (१९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणातून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे, साठा अपुरा असल्यास तारीख पुढे जाते आणि लावणीही खोळंबते.) दुसऱ्या चौकटीत कल्लणै हा प्राचीन बंधारा येईल. येथे बाणाला फाटे फुटतात. कावेरी, वेण्णार व ग्रँड अनिकट कालवा हे पाणी शेतांकडे नेतात. पुराचे जादा पाणी कोळ्ळिडम नदीत वळवतात. कोळ्ळिडमची चौकट शेताच्या आधी त्याच रेषेत मांडली, तर पूर भातात शिरला असा अर्थ होईल!

चौकटीत पूर्ण वाक्य लिहू नये. उताऱ्यातील नेमके शब्द पुरेत. शब्दमर्यादा दिली असल्यास ती पाळावी.