रनिंग कमी, म्हणून गाडी चांगली?

कोंडाणे राजमाचीच्या पायथ्याला. अशा गावात घरची गाडी ही चैन नाही. रात्री-अपरात्री कुणाला कर्जतच्या दवाखान्यात न्यायचं तर ती लागतेच. पैसे बेताचे, म्हणून बरेच जण सेकंड हँड घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, ‘रनिंग किती?’

कमी रनिंगची गाडी चांगलीच, हा समज आपल्या भागात जास्त फसवतो. इथल्या फार्महाउसवर अनेक गाड्या महिनोन्‌महिने जागेवर उभ्या असतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, ब्रेकला गंज चढतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. मीटर मागेही फिरवता येतो, म्हणून सर्व्हिस सेंटरच्या नोंदींशी तो ताडून पाहा. टायरवरचा चार अंकी आकडाही वाचा : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

‘एवढी चकचकीत आहे, म्हणजे पुरात सापडली नसणार,’ हा समज त्याहून महाग पडतो. उल्हास नदीने जुलै २००५ आणि जुलै २०१९ मध्ये काय केलं, ते बदलापूरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यातून काढलेली गाडी धुता येते, पॉलिश करता येते. वायरिंग आणि कनेक्टर मात्र पुढे कित्येक महिने आतून गंजत राहतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ दिसते का बघा. मॅट उचला, स्टेपनीच्या खळग्यात हात घाला, सीटचे बोल्ट तपासा. एसी लावल्यावर कुबट वास आला तर सावध व्हा.

सपाट रस्त्यावरच्या फेरीत फारसं कळत नाही. खोपोलीहून बोरघाट चढवा. इंजिनाचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच गेलाय. तापमानाचा काटा चढला तर कूलिंगमध्ये दोष आहे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं, तर डिस्क तपासून घ्या.

‘मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, व्यवहार संपला,’ असं मानू नका. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका, आणि ताबा घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्या.