काटकसर कुठे करावी?

आमच्या थोरल्याच्या वेळची गोष्ट. मी तेव्हा तासिकेवर शिकवीत असे. महिनाअखेर आली आणि दुधाच्या भुकटीचा डबा तळाला गेला. आम्ही शहाणपणा केला: मापाला पाणी थोडे वाढविले. पोर रडे, आम्ही म्हणू, पोट दुखत असेल. वजन वाढेना, तेव्हा डॉक्टरांनी डब्यावरचे माप मोठ्याने वाचायला लावले. ते रडणे भुकेचे होते!

तेव्हापासून आमच्या घरी नियम झाला: काटकसर बाळासाठी करावी, बाळाच्या दुधात करू नये.

मग करावी कुठे? कपड्यांत. आजीच्या धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची दुपटी आणि लंगोट नव्या कापडाहून अंगाला सुखाचे. खेळण्यांत. पळी आणि पातेल्याचे झाकण मिळाले, की रांगते बाळ तासभर रमते.

पहिले सहा महिने आईचे दूध मिळत असेल, तर वरचे पाणीसुद्धा नको. पुढे मऊ वरणभात आणि नाचणीची खीर घरच्या घरी होते. मात्र वर्षापर्यंत मध, मीठ, साखर नको. लसी सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तारीख तेवढी चुकवू नका. जुलाबांसाठी 'ओआरएस'च्या दोन पुड्या घरात असू द्याव्या. एवढे करूनही बाळ मलूल दिसले, तर रिक्षाचे पैसे मोजू नका. थेट डॉक्टरांकडे निघा.

थोरला आता कॉलेजात जातो. जेवायला बसला, की ते दूध व्याजासकट वसूल करतो. आम्ही मुकाट्याने वाढतो.